हाताची किंमत

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशीं, बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागांत सोनाळा हें गांव आहे. संत सोनाजी महाराजांच्या यात्रेमुळें तें पंचक्रोशींत ओळखीचें. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र त्याचें नांव क्वचितच आढळेल. या बाजूस वऱ्हाडचें जुनें नगदी पीक म्हणजे कापूस. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हां इंग्रजांची दृष्टि वऱ्हाडाकडे वळली. १८६७ पर्यंत आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोंचली, आणि १८७० मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खामगांवचा फांटा उघडला गेला. पुढें शेगांव, खामगांव, आकोट येथें वाफेवर चालणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि सोनाळ्याकडील कापूस बंड्यांत भरून त्यांच्या दारांशीं जाऊं लागला.

कापसाच्या या वाटेवर हात अनेक. शेतांत वेचणी करणारी बाई, बंडी हांकणारा शेतकऱ्याचा गडी, जिनांत रेच्यापुढें बसून कापूस सारणारी मजुरीण, आणि प्रेसवर रुईच्या गाठी बांधणारा माणूस. समजा, एकाच दिवशीं या चौघांस इजा झाली. वेचणाऱ्या बाईस साप चावला, बंडी उलटून गड्याचा पाय मोडला, मजुरिणीचा हात रेच्यांत सांपडला, आणि दाबयंत्राखालीं चवथ्याचीं बोटें गेलीं. इंग्रजी अमलांत १ जुलै १९२४ पूर्वीं या चौघांची स्थिति जवळजवळ सारखीच होती. मालक दयाळू असला तर कांहीं मिळे. नसला तर मिळत नसे. त्यानंतर जो कायदा आला त्यानें शेवटच्या दोघांस मागण्याचा हक्क दिला. पहिल्या दोघांस दिला नाहीं. कापूस तोच, दिवस तोच; पण जिनाच्या दारांत कायद्याची एक रेषा आखली गेली. त्या रेषेच्या आंत माणूस आहे हें सिद्ध करून देणें, हेंच पुढें नुकसानभरपाईच्या वकिलाचें मुख्य काम होऊन बसलें.

त्यापूर्वीं हक्क अजिबात नव्हता असें म्हणतां येणार नाहीं. १८५५ च्या तेराव्या कायद्यानें, दुसऱ्याच्या दोषामुळें मृत्यु आल्यास मृताच्या बायकोमुलांस व आईबापांस दावा करण्याची मुभा दिली होती. इंग्लंडांतील १८४६ च्या कायद्याचीच ती हिंदी आवृत्ति. पण दावा दिवाणी कोर्टांत, आणि मालकाचा दोष शाबीत करण्याचा बोजा विधवेवर. यंत्राचा पट्टा कोणाच्या निष्काळजीपणानें सुटा राहिला, हें तिनें कोणाच्या तोंडून वदवावें? साक्षीदार सारे त्याच मालकाच्या पगाराचे.

त्यांत इंग्रजी न्यायानें आणखी एक भिंत उभी केली होती. १८३७ मध्यें इंग्लंडांत एका खाटकाच्या गाडीवर माल फार लादला गेल्यामुळें गाडी मोडली आणि प्रीस्टली नांवाच्या नोकराची मांडी मोडली. ज्यूरीनें त्यास शंभर पौंड देवविले. वरच्या न्यायालयानें ते काढून घेतले. न्यायाधीशांचें म्हणणें असें कीं, धन्याला असा जबाबदार धरूं लागलों तर या जबाबदारीस कोठें अंतच राहणार नाहीं. या निकालांतून पुढें एक सिद्धांत वाढला: सोबतच्या नोकराच्या चुकीनें इजा झाली तर धनी जबाबदार नाहीं, कारण नोकरी धरतांनाच नोकरानें तो धोका पत्करलेला असतो. कारखान्यांतील बहुतेक अपघात कोणा ना कोणा सोबत्याच्या हातून घडतात. तेव्हां या एका सिद्धांतानें बहुतेक दावे बाहेरच्या बाहेर फेटाळतां येत. हिंदुस्थानांत हा सिद्धांत १९३८ च्या मालक-जबाबदारी कायद्यानें काढून टाकला; खुद्द इंग्लंडांत तो जाण्यास १९४८ साल उजाडावें लागलें. शिष्यानें गुरूच्या आधीं धडा सोडून दिल्याचें हें एक दुर्मिळ उदाहरण होय.

वऱ्हाडच्या जिनांपुरती अडचण याहूनही आधींची होती. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा वर्षांतून चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यास लागूच नव्हता, आणि जिनाचा हंगाम तो केवढा! शिवाय वऱ्हाड हा निजामाचा मुलूख, १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या हातीं आलेला. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथें आपोआप चालत नसत, ते स्वतंत्र हुकमानें लावावे लागत. हंगामी कारखान्यांस आपल्या कक्षेंत घेणारा फॅक्टरी कायदा झाला तो १९११ मध्यें, आणि त्यानेंही स्त्रियांना रात्रीं कामास लावण्याच्या बंदींतून जिनिंग-प्रेसिंगला वगळलें. जिनांत रेच्यापुढें बसणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या, हें लक्षांत घेतलें म्हणजे या सवलतीचा अर्थ कळतो. १८८४-८५ च्या मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढें शेजारच्या खानदेशांतील जिनांची जी हकीकत आली, तींत पहांटे पांचपासून रात्रीं दहापर्यंतच्या कामाची, आणि घाईच्या दिवसांत रात्रंदिवस चालणाऱ्या कामाची साक्ष आहे. अशा पंधराव्या-सोळाव्या तासाला रूळ फिरतच असतो. हात मात्र थकलेला असतो.

याच वेळीं मुंबईंत एका मराठी माणसानें हा प्रश्न सरळ शब्दांत मांडला. २३ सप्टेंबर १८८४ रोजीं परळ येथील सुपारीबागेंत गिरणी-कामगारांची सभा भरली. तिच्यामागें ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे होते. साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज कमिशनकडे गेला, त्यांत रविवारची सुटी आणि दुपारची अर्धा तास विश्रांति या मागण्या सर्वांच्या स्मरणांत राहिल्या. शेवटची मागणी मात्र बहुतेकांच्या विस्मरणांत गेली. ती अशी कीं, कामावर जबर इजा झालेल्या मजुरास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज व्हावी. त्याच वर्षीं जर्मनींत बिस्मार्कनें कामगारांच्या अपघात-विम्याचा कायदा करून घेतला. इंग्लंडचा कायदा तेरा वर्षांनीं, १८९७ मध्यें आला. लोखंडे यांच्या मागणींत दोष कोणाचा हा शब्दही नाहीं. काम करतांना इजा झाली, एवढेंच तिला पुरेसें आहे. हें तत्त्व हिंदुस्थानच्या कायद्यांत येण्यास एकूणचाळीस वर्षें लागलीं. लोखंडे १८९७ च्या प्लेगांत वारले होते.

१९२३ चा आठवा कायदा, म्हणजे कामगार नुकसानभरपाई कायदा, दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळांत संमत झाला तेव्हां कामगारांच्या बाजूनें ना. म. जोशी तेथें बसलेले होते. मूळ मसुद्यांत मालकाच्या जबाबदारीचीं जीं कलमें होतीं तीं चर्चेंत गळालीं. राहिला तो ठराविक भरपाईचा भाग. या कायद्यानें दोषाचा प्रश्न काढून टाकून दोनच प्रश्न ठेवले: इजा कामामुळें झाली काय, आणि काम चालूं असतांना झाली काय? दोन्हींचें उत्तर होकारार्थी आलें कीं रक्कम ठरलेली.

ती रक्कम कशी ठरे हें पाहण्यासारखें आहे. कायद्याला जोडलेल्या तक्त्यांत माणसाच्या देहाचे भाव लिहिलेले होते. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर गेला तर कमाईची शक्ति शेंकडा ७० गेली. डावा गेला तर ६०. पाय गुडघ्यापासून गेला तर ६०, दोन्ही कान पुरते गेले तर ५०, एक डोळा ३०, आंगठा २५, तर्जनी १०, दुसरें कोणतेंही बोट ५. कायमच्या पूर्ण पंगुत्वास बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार रुपये, यांत जें कमी असेल तें. मृत्यु आल्यास तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार, यांत जें कमी असेल तें. आतां महिना पंधरा रुपये मिळविणारा मजूर धरला तर हिशेब असा होतो: पूर्ण पंगुत्वास ६३० रुपये, उजव्या हातास ४४१, आंगठ्यास १५७ रुपये ८ आणे, करंगळीस ३१ रुपये ८ आणे, आणि मृत्यूस ४५०. उजवा हात व जीव यांमध्यें अवघें नऊ रुपयांचें अंतर! हा तक्ता निर्दय वाटतो खरा. पण ज्या मजुरिणीस त्याच्या आदल्या वर्षीं कांहींच मागतां येत नव्हतें, तिला तो निर्दय वाटला नसावा.

रक्कम ठरलेली, मग वकील कशाला? तक्ता वाचावयास वकील लागत नाहीं, ही गोष्ट खरी. भरपाईचा वाद दिवाणी कोर्टाच्या कक्षेंतून काढून सरकारनें नेमलेल्या आयुक्ताकडे देण्यांत आला होता. पक्षकाराच्या वतीनें वकिलाप्रमाणेंच नोंदलेल्या कामगार-संघाचा अधिकारीही उभा राहूं शके. आयुक्ताच्या परवानगीनें इतर कोणीही. कोर्टाची पायरी शक्य तेवढी खालीं आणावी, हा त्यांतील हेतु. तथापि वकिलाचें काम तक्त्याच्या आधींच सुरू होतें.

जिनाच्या मजुरिणीचेंच घ्या. मालकाचा पहिला बचाव असा कीं, ही बाई हंगामापुरती आली, आज आहे उद्यां नाहीं, तेव्हां ती कायद्यांतला कामगारच नव्हे. नैमित्तिक मजूर वगळण्याची तरतूद कायद्यांत होती. पण त्या व्याख्येंत दोन अटी होत्या आणि त्यांच्यामध्यें ‘आणि’ हा शब्द होता: काम नैमित्तिक असावें आणि तें मालकाच्या धंद्याखेरीज दुसऱ्या कांहीं कारणासाठीं असावें. मालकाच्या बंगल्यावरील झाड तोडावयास एका दिवसापुरता बोलावलेला माणूस त्यांत बसेल. रेच्यांत कापूस सारणें हा तर जिनाचा धंदाच. तेथें हंगाम दोन महिन्यांचा कां असेना. त्या एका उभयान्वयी अव्ययाच्या आधारावर हंगामी मजुरांचा हक्क उभा होता. शाळेंत व्याकरणाचा कंटाळा करणाऱ्या वकिलानें हें प्रकरण न घेतलेलेंच बरें.

दुसरा वाद पगाराचा. चाळीस दिवस राबलेल्या बाईची वर्षाची कमाई बारांनीं भागली तर महिन्याचा पगार फारच खालीं येतो आणि हाताची किंमत त्या मानानें घसरते. कायद्यांत मात्र अशा मजुरासाठीं वेगळा हिशेब होता: अपघातापूर्वीं सलग जितके दिवस काम केलें त्या दिवसांच्या कमाईस तिसांनीं गुणावें आणि दिवसांच्या संख्येनें भागावें. मध्यें चौदा दिवसांहून अधिक खाडा नसला म्हणजे काम सलग समजावें. म्हणून वकिलानें आधीं हजेरीपट मागवावयाचा. तो बहुधा मुकादमाकडे, आणि मुकादम म्हणणार कीं बाई माझी, कारखान्याची नव्हे. त्यावरही कायद्यांत तोड होती. मालकाच्या नेहमींच्या धंद्याचें काम ठेकेदारामार्फत करून घेतलें तरी भरपाई मूळ मालकानें द्यावयाची आणि मग हवी तर ठेकेदाराकडून वसूल करावयाची.

तिसरा बचाव म्हणजे मजुराचा स्वतःचा गुन्हा: तो दारू प्याला होता, त्यानें नियम मोडला, त्यानें यंत्राचें संरक्षक झांकण काढलें. येथें ‘जाणूनबुजून’ या शब्दावर सारें अवलंबून असे. झांकण काढल्यावांचून अडकलेला कापूस निघत नाहीं आणि कापूस अडकला तर मुकादम ओरडतो, हें ज्या वकिलानें जिनांत जाऊन पाहिलें त्याचा उलटतपास वेगळा होई. मजुराचा मृत्यु झाला असल्यास हा बचाव चालणार नाहीं, अशी दुरुस्ती व्हिटली कमिशनच्या १९३१ च्या अहवालानंतर १९३३ मध्यें झाली. मेलेला माणूस आपल्या बाजूनें सांगूं शकत नाहीं, ही गोष्ट कायद्याच्या ध्यानीं येण्यास नऊ वर्षें गेलीं.

आणि सर्वांत मोठा धोका कोर्टाबाहेरचा. अपघातानंतर आठव्या दिवशीं घरीं येऊन वीस रुपये हातावर ठेवणारा आणि कागदावर आंगठा घेणारा माणूस. कायदा करणाऱ्यांस हा माणूस चांगला ठाऊक असावा, कारण त्याच्यासाठीं कलमें एकामागून एक रचलेलीं दिसतात. हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल. तडजोडीचा कागद आयुक्ताकडे नोंदविला पाहिजे आणि रक्कम अपुरी दिसल्यास तो नोंद नाकारूं शकतो. मृत्यूची भरपाई आयुक्ताकडेच भरावयाची, परस्पर दिली तर ती दिली असें धरावयाचें नाहीं. आणि या रकमेवर सावकाराची जप्ती येणार नाहीं. वऱ्हाडांत शेवटच्या कलमाचें मोल कोणास समजावून सांगण्याची गरज नसावी.

वकिलाच्या फीविषयीं दोन शब्द अवश्य आहेत. अमेरिकेंत इजेच्या दाव्यांचे वकील भरपाईचा ठराविक हिस्सा, बहुधा तिसरा, आपला म्हणून घेतात आणि दावा हरल्यास कांहींच घेत नाहींत. त्यामुळें गरिबास वकील मिळतो, आणि दाव्यांचा व्यापारही होतो. हिंदुस्थानांत वकिलानें दाव्याच्या फळांत वांटा घेणें निषिद्ध. वसुलीचा निम्मा हिस्सा ठरवून घेणाऱ्या एका वकिलाचें वर्तन सर्वोच्च न्यायालयानें १९५४ मध्यें व्यवसायास न शोभणारें ठरविलें. नियम उदात्त आहे. पण ४४१ रुपयांच्या दाव्यास फी आधीं कोठून आणावयाची, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. तो सोडविला असेल तर कामगार-संघांनीं, आणि तेही जेथें संघ होते तेथें. हंगाम संपतांच पांगणाऱ्या जिनाच्या मजुरांचा संघ टिकणें कठीणच.

स्वातंत्र्योत्तर काळांत वाद मुख्यतः रेषेच्या कडेवर झाले. सौराष्ट्रांत मिठागराचे मजूर खाडी ओलांडून घरीं परततांना नाव उलटून बुडाले. ती नाव सार्वजनिक होती, म्हणून काम तेथें संपलें होतें, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९५८ चा निकाल. मुंबईच्या बेस्टचा एक बसचालक पाळी संपवून दुसऱ्या बसनें घरीं जातांना अपघातांत दगावला. येवढ्या पसरलेल्या शहरांत चालकांस बसनें फुकट जाऊं देणें ही सेवेचीच गरज होय, म्हणून तो कामावरच होता, असा १९६३ चा निकाल. एकच प्रश्न, दोन वाहनें. तिसरा निकाल ओरिसांतील एका सुताराचा, १९७५ चा. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. तक्ता शंभराहून कमी सांगत होता. पण एका हातानें सुतारकाम होत नाहीं, म्हणून त्याची कमाईची शक्ति पूर्ण गेली असें न्यायालयानें मान्य केलें. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणें ठरते, आयुक्ताच्या निकालापासून नव्हे, हेंही त्याच वेळीं ठरलें. तक्त्यांतील हात कोणाचाही असतो. वकिलानें कोर्टापुढें आणला तो सुताराचा.

१९४८ च्या राज्य विमा कायद्यानें मोठ्या कारखान्यांतील कामगार या जुन्या वाटेवरून विम्याच्या वाटेवर गेले. परंतु त्या कायद्यानें हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी म्हणजे कोणते हें सांगतांना कापसाच्या जिनिंगचें नांव मुद्दाम घेतलें. त्यामुळें जिनाच्या मजुरास १९२३ चाच कायदा उरला. २०१० पासून त्याच्या नांवांत कामगाराऐवजीं कर्मचारी आला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं सामाजिक सुरक्षा संहिता अमलांत येऊन त्याचीं कलमें तींत सामावलीं. घर आणि काम यांमधील वाटेवरचा अपघातही, त्याचा कामाशीं संबंध दाखवितां आल्यास, आतां कामाचाच धरावा असें संहिता म्हणते. खाडींत बुडालेल्या मजुरांचा वाद अशा रीतीनें सदुसष्ट वर्षांनीं पुनः उघडला.

आतां सोनाळ्याच्या शेताकडे परत येण्यास हरकत नाहीं, कारण चौघांपैकीं पहिली अजून तेथेंच आहे. ट्रॅक्टर किंवा इतर यंत्रानें चालणाऱ्या शेतीवरील मजुरास कायद्यानें पुढें आंत घेतलें. मळणीयंत्रांत हात जाऊं लागले तेव्हां १९८३ मध्यें धोकादायक यंत्रांसाठीं केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला. पण वेचणीला यंत्र नाहीं. तेथें दहा बोटें आणि कमरेची झोळी. महाराष्ट्र सरकारची शेतकऱ्यांसाठीं अपघाताची योजना आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची ही योजना २०२३ पासून विमा कंपनीऐवजीं थेट सरकारी अनुदानानें चालते. तींत सर्पदंशाचा मृत्यु धरलेला आहे. मृत्यूस दोन लाख रुपये, आणि एक हात, पाय वा डोळा गेल्यास एक लाख. मात्र अर्जासोबत सात-बाराचा उतारा लागतो. उताऱ्यावर शेतमालकाचें नांव असतें. त्यास साप चावला तर त्याच्या घरीं पैसे येतात. त्याच सरीतून त्याच्या पुढें चालणाऱ्या भूमिहीन वेचणारणीचें नांव त्यावर नसतें.

२०१७ च्या पावसाळ्यांत विदर्भांतच, यवतमाळ जिल्ह्यांत, कपाशीवर कीटकनाशक फवारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसें मेलीं आणि शेंकडों आजारी पडलीं. त्यांत दुसऱ्याच्या शेतावर रोजानें फवारणी करणारे कितीतरी होते. त्यांपैकीं दोन विधवा आणि एक वांचलेला इसम यांच्या वतीनें वकिलांनीं २०२१ मध्यें थेट स्वित्झर्लंडांतील बासेल येथें, औषध बनविणाऱ्या कंपनीच्या देशांत, दावा लावला. लोखंडे यांच्या मागणींत नसलेला दोषाचा प्रश्न तेथें पुनः पहिल्या ओळींत आला, कारण तो दावा मालाच्या दोषाचा आहे, मजुरीचा नव्हे. अशा दाव्यांत कोणत्या दिवशीं कोणतें औषध फवारलें, हें आधीं दाखवावें लागतें. औषधाची पावती शेतमालकाजवळ असते, आणि रोजाच्या फवारणीचा हजेरीपट कोणी ठेवीत नाहीं.